घरभाड्याची नीति

व्याजावर पैसा लावणाऱ्या मनुष्यास आपल्या समाजानें मनापासून आदर कधींच दिला नाहीं. त्याची गरज सर्वांस पडे, त्याच्या ओटीवर जाऊन बसणारेहि पुष्कळ असत. परंतु 'सावकार' हा शब्द उच्चारतांना जिभेवर थोडा कडवटपणा येईच. घरमालकाची गोष्ट मात्र निराळी. एखाद्या गृहस्थानें लग्नाच्या पंक्तींत बसून आपणांस दरमहा व्याजाचे बारा हजार रुपये येतात असें सांगितलें, तर शेजारचा मनुष्य त्याच्याकडे जरा चमकून पाहील. तेंच त्यानें 'दुसरा एक फ्लॅट घेऊन भाड्यानें दिला आहे' असें सांगितलें, तर तोच शेजारी त्याच्या दूरदृष्टीचें कौतुक करील, आणि घर कोठें घेतलें, किती चौरस फुटांचें, कर्ज कोणत्या दरानें मिळालें, अशी आस्थेनें चौकशी करील. वस्तुतः दोघांच्याहि उत्पन्नाचें मूळ एकच आहे: आपल्याजवळ असलेली व दुसऱ्याजवळ नसलेली वस्तु त्यास वापरावयास देणें. मग एकाविषयीं संकोच व दुसऱ्याविषयीं अभिमान, हा भेद आपण कशाच्या आधारावर करतों?

हा प्रश्न मला केवळ तात्त्विक कुतूहलानें पडला असता तर बरें झालें असतें. तो मला अनुभवानें पडला आहे. मी महाविद्यालयांत शिकवितों. राहत्या घराखेरीज पुण्याच्या उपनगरांत माझीं आणखी दोन लहान घरें होतीं, आणि दोन्ही कर्ज काढून घेतलेलीं. माझ्या पिढींतील पुष्कळ पगारदारांनीं हाच मार्ग धरला. ठेवीवरील व्याज महागाईच्या मागें पडलेलें, शेअरबाजाराची मनांत धास्ती, आणि उतारवयांत मुलांपुढें हात पसरण्याची लाज. अशा मनुष्यास विटामातीचें घर हेंच विश्वासाचें वाटतें. त्यांत लोभापेक्षां भीतीच अधिक असते. परंतु भीतीनें केलेलें कृत्य लोभानें केलेल्या कृत्याहून नेहमींच निरुपद्रवी असतें, असें मात्र नाहीं. त्याविषयींच मला सांगावयाचें आहे.

प्रथम घरमालकाच्या हातीं असलेल्या बळाचा विचार करूं. जुन्या पुण्यांतील वाड्यांत मालक व बिऱ्हाडकरू एकाच चौकांत राहत, एकाच नळावर पाणी भरीत. मालकाच्या घरचें दुखणें बिऱ्हाडकरूंस कळे व बिऱ्हाडकरूंची ओढाताण मालकास दिसे. या सहवासाच्या आठवणी आपण हल्लीं फार गोड करून सांगतों. परंतु वाड्यांत बिऱ्हाड मिळण्यापूर्वीं आडनांव विचारलें जाई, हें आपण सोयीनें विसरतों. १९१७ सालीं परदेशांत उच्च शिक्षण घेऊन बडोद्यास नोकरीसाठीं आलेल्या डॉ. आंबेडकरांस त्या सबंध शहरांत राहावयास जागा मिळाली नाहीं. पारशांच्या एका विश्रामगृहांत त्यांनीं पारशी नांव सांगून आसरा घेतला, आणि तें उघडकीस येतांच तेथूनहि त्यांस बाहेर काढण्यांत आलें. अखेर त्यांनीं बडोदें सोडलें. दुकानदारानें माल नाकारला तर मनुष्य दुसऱ्या दुकानांत जातो; घर नाकारलें तर त्याची नोकरी, त्याची विद्या, त्याचें सारें आयुष्यच उघड्यावर पडतें. आजहि दलालाच्या तोंडून 'घरांत मांसाहार करतां कां?' हा प्रश्न येतो, तेव्हां तो स्वयंपाकाविषयीं नसतो, हें विचारणाऱ्यास व ऐकणाऱ्यास दोघांसहि ठाऊक असतें. तेव्हां घर भाड्यानें देणें हा इतर व्यापारांसारखाच एक व्यापार आहे, असें म्हणून हात झटकतां यावयाचे नाहींत.

हें बळ ओळखूनच कायदा मध्यें पडला. मुंबईंत भाड्यावर नियंत्रण घालणारा पहिला कायदा १९१८ सालीं झाला. पुढें १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच सामान्यतः 'प्रमाण भाडें' ठरविलें. हेतु उदात्त होता, आणि त्यामुळें हजारों गिरणीकामगारांच्या व कारकुनांच्या डोक्यावर छप्पर राहिलें, हें कोणासहि नाकारतां येणार नाहीं. परंतु वर्षें लोटलीं. सिमेंट महागलें, गवंड्याची मजुरी वाढली, भाडें मात्र जेथल्या तेथेंच राहिलें. मालकांनीं डागडुजी सोडून दिली. कायद्यानें दारांत अडविलेला पैसा पागडीच्या रूपानें खिडकींतून आंत आला. १९६९ सालीं मुंबईंतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठीं उपकर बसवून सरकारला एक स्वतंत्र मंडळ स्थापन करावें लागलें. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, भाडें असें गोठवून ठेवणें अवाजवी झालें आहे, असा अभिप्राय दिला. आणि ३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानें दरसाल शेंकडा चार वाढ करण्यास मुभा दिली.

या इतिहासापासून मीं एक धडा घेतला आहे. ज्या भाड्यांतून घराची निगा राहत नाहीं, तें भाडें भाडेकरूवर केलेली दया नव्हे. पावसाळ्यांत जुनी इमारत खचते तेव्हां ढिगाऱ्याखालीं सांपडतो तो बहुधा भाडेकरूच. म्हणून, भाडें घेणें हेंच मुळांत पाप, असें म्हणणाऱ्यांशीं माझें जमत नाहीं. गळणारी गच्ची दुरुस्त करणें, कर भरणें, घर रिकामें पडलें तर तोटा सोसणें, हीं कामें कोणीतरी केलींच पाहिजेत, व जो करतो त्यास मोबदला मिळाला पाहिजे. प्रश्न उरतो तो एवढाच कीं, मालक जें मिळवूं पाहतो तें सारें या कामांचाच मोबदला आहे काय?

येथें थोडा हिशेब करणें अवश्य आहे, कारण नीतीच्या पुष्कळशा गैरसमजुती अंकगणितापाशीं येऊन उघड्या पडतात. समजा, चाळीस लाखांचें घर आहे. त्यांतील आठ लाख आपले व बत्तीस लाख बँकेचे. व्याजाचा दर साडेआठ टक्के व मुदत वीस वर्षें धरली, तर दरमहा हप्ता सुमारें २७,७७० रुपये पडतो. म्हणजे वर्षाचे जवळजवळ ३ लाख ३३ हजार. अशा घरास भाडें येतें बारा हजार. वर्षांतून एक महिना घर रिकामें जातें. सोसायटीचे अठरा हजार, मालमत्ताकराचे सहा हजार व किरकोळ दुरुस्तीचे दहा हजार वजा केले, म्हणजे हातीं राहतात सुमारें ९८ हजार. उरलेले २ लाख ३५ हजार रुपये मालक दरसाल आपल्या पगारांतून भरतो. वीस वर्षांत बत्तीस लाखांच्या कर्जापोटीं बँकेस सुमारें ६६ लाख ६५ हजार रुपये जातात. आयकराच्या कायद्यांत भाड्याच्या उत्पन्नांतून शेंकडा तीस वजावट मिळते व व्याजाचीहि कांहीं सवलत आहे. तरी या खड्ड्याचा तळ त्यानें भरून येत नाहीं.

मग शहाणीसुरतीं माणसें हा तोट्याचा व्यवहार कां करतात? 'भाडेकरू माझें कर्ज फेडतो' असें मालक म्हणतो, तेव्हां तो स्वतःचीच फसवणूक करीत असतो. भाडेकरू त्याच्या हप्त्याचा तिसरा हिस्साहि फेडीत नाहीं. त्याचा डोळा भाड्यावर नसतोच. तो असतो वीस वर्षांनंतरच्या किंमतीवर. ही किंमत कोण वाढवितो? घराच्या भिंती तर दरवर्षीं जुन्याच होत जातात. वाढते ती जागेची किंमत. आणि ती वाढते रस्ता रुंद झाल्यानें, मेट्रोचे खांब उभे राहिल्यानें, जवळ कारखाने व कचेऱ्या आल्यानें, आणि तेथें काम करणारीं माणसें राहावयास आल्यानें. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हा विचार नवा नाहीं. जमिनीच्या खंडाची उपपत्ति रिकार्डोनें १८१७ सालीं मांडली, आणि समाजाच्या श्रमानें वाढलेलें जमिनीचें मोल समाजाकडेच परत जावें, असें हेन्री जॉर्जनें १८७९ सालीं आग्रहानें प्रतिपादिलें. मी हेन्री जॉर्जइतका दूर जात नाहीं. परंतु एवढें मला कबूल केलेंच पाहिजे कीं, ज्या वाढीच्या आशेवर मी घर घेतलें, ती वाढ घडविणाऱ्यांत माझा भाडेकरू होता. मी त्यांत केवळ वाट पाहणारा होतों.

या संदर्भांत मला एका इंग्रज बाईंची आठवण होते. १८६५ सालीं ऑक्टेव्हिया हिल यांनीं लंडनच्या मेरिलबोन भागांतील तीन पडकीं घरें गरिबांस भाड्यानें देण्यासाठीं हातीं घेतलीं. पैसा होता जॉन रस्किन यांचा. ज्यांच्या एका पुस्तकाचा सारांश गांधीजींनीं पुढें 'सर्वोदय' या नांवानें गुजरातींत केला, तेच हे रस्किन. ठरलें असें कीं, गुंतविलेल्या पैशावर शेंकडा पांच उत्पन्न निघावें. दान म्हणून हा व्यवहार चालूं नये. हिलबाई दर आठवड्यास स्वतः दारोदार जाऊन भाडें घेत, व थकबाकीच्या बाबतींत त्या मुळींच मऊ नव्हत्या. परंतु प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठीं एक रक्कम त्यांनीं आधींच बाजूला काढलेली असे, आणि मोडतोड न झाल्यामुळें तींतून जें शिल्लक राही, तें भाडेकरूंस हव्या असलेल्या सुधारणेवर खर्च होई. त्यांच्या पद्धतींत पालकत्वाचा ताठा होता, भाडेकरूच्या राहणीवर नको तितकी देखरेख होती. तें सारें आज कोणी उचलूं नये. परंतु आपण किती घ्यावयाचें हें घेण्यापूर्वींच ठरविणें, आणि तेथें थांबणें, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आमच्यापैकीं कितीजणांनीं ती केली आहे? 'बाजारांत मिळेल तें' याखेरीज आमच्यापाशीं दुसरें माप नाहीं.

आतां माझी स्वतःची हकीकत सांगतों. माझ्या एका घरांत विद्यार्थ्यांना जेवणाचे डबे पुरविणारें एक कुटुंब राहत होतें: नवराबायको, त्यांचीं दोन मुलें व एक वृद्ध आई. भाडें बारा हजार, अनामत छत्तीस हजार. वर दिलेला हिशेब अगदींच काल्पनिक नाहीं, हें चाणाक्ष वाचकांनीं ओळखलें असेलच. करार अकरा महिन्यांचा. तो दरवर्षीं नव्यानें करावा लागे. मुलांच्या शाळेचें वर्ष मात्र बारा महिन्यांचें असतें, ही विसंगति मला तेव्हां जाणवलीहि नव्हती. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, वसतिगृहें ओस पडलीं, आणि आठवड्याभरांत त्यांचे सारे डबे बंद झाले. एप्रिलच्या आरंभीं त्या गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "सर, दोन-तीन महिने थांबाल कां? नाहींतर अनामतींतून वळतें करून घ्या. कामधंदा सुरू झाला कीं अनामत पुन्हा भरून देईन."

मीं उत्तर दिलें, "अनामत घर सोडतांनाची असते. आणि माझेहि हप्ते आहेत."

माझें बोलणें खोटें नव्हतें. पण तें पूर्ण खरेंहि नव्हतें. मार्चच्या अखेरीस रिझर्व्ह बँकेनें कर्जाचे हप्ते तीन महिने पुढें ढकलण्याची मुभा जाहीर केली होती, आणि मे महिन्यांत ती आणखी तीन महिने वाढविली. व्याज चालूच राहणार होतें, तरी तात्पुरता श्वास घ्यावयास जागा झाली होती. ती सवलत मिळावी म्हणून दोन्ही कर्जांसाठीं मीं अर्ज केला होता, व तो मंजूरहि झाला. एप्रिलच्या १७ तारखेस महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागानें घरमालकांना भाड्याची वसुली निदान तीन महिने लांबणीवर टाकण्याची सूचना केली. ती मीं वर्तमानपत्रांत वाचली, आणि ही नुसती सूचना आहे, हुकूम नव्हे, असें स्वतःशीं म्हणून पान उलटलें. ज्या महिन्यांत मीं बँकेकडून सवड घेतली, त्याच महिन्यांत मीं ती दुसऱ्यास नाकारली.

त्यांनीं एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पांचहि महिन्यांचें भाडें दिलें. सप्टेंबरांत घर सोडून तीं सारीं गांवीं निघून गेलीं. किल्ली घेण्यासाठीं मी गेलों तेव्हां घर झाडून पुसून लख्ख केलेलें होतें. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत मात्र फरशीवर दोन चौकोनी डाग होते: एक मोठ्या फ्रीजचा व दुसरा कणीक मळण्याच्या यंत्राचा. तीं कोठें गेलीं, असें मीं सहज विचारलें. "दोन्ही विकलीं, सर," ते म्हणाले. ज्या साधनांवर तें कुटुंब जगत होतें, तीं विकून त्यांनीं माझें भाडें दिलें होतें. त्या दिवशीं मीं भिंतींच्या रंगासाठीं तीन हजार कापून घेऊन तेहतीस हजारांची अनामत परत केली, आणि आपण नियमाप्रमाणें वागलों या समाधानांत घरीं आलों. तें समाधान रात्रीपर्यंत टिकलें नाहीं.

माझे एक सहकारी, ज्यांस मी ही गोष्ट सांगितली, म्हणाले, "तुम्ही उगाच मनाला लावून घेतां. किराणावाल्यानें त्यांना फुकट धान्य दिलें कां? मग तुम्हींच कां सोडावें?" या युक्तिवादांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु त्यांत एक चूक आहे: भाडेकरूनें माझ्याजवळ कांहींहि फुकट मागितलें नव्हतें. आणि मी क्रूर आहें असेंहि मला वाटत नाहीं. मग मी असा कां वागलों? उत्तर माझ्या बँकेच्या खातेपुस्तकांत होतें. दुसऱ्या घराची सुरुवातीची रक्कम भरण्यासाठीं मीं सारी शिल्लक रिकामी केली होती. दोन हप्ते डोक्यावर, आणि हातीं दीड महिना पुरेल इतकाच पैसा. उद्यां पगार कापला गेला तर काय, या भीतीनें मी आलेली प्रत्येक सवलत मुठींत घट्ट धरून ठेवीत होतों. सज्जनपणा माझ्या अंगीं नव्हता असें नव्हे. तो परवडण्याची सोयच मीं आपल्या हातानें मोडून टाकली होती. घर घेतांना मीं बँकेकडे घराचे कागद गहाण ठेवले असें मला वाटलें होतें. वास्तविक त्यांबरोबर माझी सदसद्विवेकबुद्धीहि गहाण पडली होती, आणि कोणत्याहि कागदावर तिची नोंद नव्हती.

म्हणून मला असें वाटतें कीं, दोनचार घरें बाळगणाऱ्याच्या नीतीचा निर्णय भाडेकरू अडचणींत येतो त्या दिवशीं होत नाहीं. तो त्याच्या कितीतरी आधीं, कर्जाच्या कागदावर सही करतांनाच झालेला असतो. ज्यास एका महिन्याचें भाडें चुकलें तर झोप येत नाहीं, त्यानें न्यायानें वागण्याचा निश्चय कितीहि केला तरी तो त्याच्यानें पाळवणार नाहीं. प्रत्येक भाड्याच्या घरामागें निदान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडल्याखेरीज पुढचें घर घेऊं नये, हा नियम जमाखर्चाचा म्हणून सांगितला जातो. मला तो नीतीचाच पहिला नियम वाटतो. दुसरें, अनामत ही परक्याची वस्तु आहे. ती आपल्या खर्चांत मिसळूं नये आणि किल्ली हातीं येईल त्याच दिवशीं परत करावी. वापरानें फिकट झालेल्या रंगाचे पैसे तींतून कापणें मला आतां लाजिरवाणें वाटतें. तो रंग भाड्यांतच आलेला असतो. तिसरें, भाड्यावर पहिला हक्क घराचा, मालकाचा त्यानंतर. आणि चौथें, करार लेखी व नोंदलेला असावा. महाराष्ट्राच्या कायद्यानें नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. पण मुदत किती ठेवावयाची हें आपल्या हातीं असतें. ज्या घरांत मुलें शिकतात तेथें अकरा महिन्यांऐवजीं दोन-तीन वर्षांची मुदत लिहावयास काय हरकत आहे?

२०२२ सालीं मीं त्यांपैकीं एक घर विकलें व आलेल्या पैशांतून दुसऱ्याचें कर्ज फेडलें. विक्रींत नफा झाला. त्यांतील माझ्या श्रमाचा भाग किती, हें वर सांगितलेंच आहे. त्या गृहस्थांचा पत्ता शोधून मीं त्यांस रंगाचे तीन हजार व त्या पांच महिन्यांचें भाडें, मिळून त्रेसष्ट हजार रुपये पाठविले. चार दिवसांनीं त्यांतील साठ हजार परत आले. मीं फोन केला, तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "सर, राहिलों त्याचें भाडें दिलें, तें देणेंच होतें. रंगाचे ठेवून घेतले, ते माझे होते. तुम्ही तेव्हां थांबला असतां, तर यंत्र राहिलें असतें."

यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. त्यांच्या वाक्यांत राग नव्हता. एक साधा हिशेब होता, आणि तो माझ्या हिशेबापेक्षां अचूक होता. त्यांनीं मागितली होती ती सवड. आणि सवड ही अशी वस्तु आहे कीं, ती त्या वेळीं दिली नाहीं तर मागाहून पैशानें देतां येत नाहीं.

सावकार व घरमालक यांत भेद काय, असा प्रश्न आरंभीं केला होता. आतां मला वाटतें कीं, तो भेद दोघांच्या धंद्यांत नाहीं. घराची निगा राखणारा आणि अडल्या वेळीं थांबूं शकेल इतकी शिल्लक ठेवणारा मनुष्य घरमालक. ज्यास थांबणें परवडत नाहीं तो घराच्या रूपानें सावकारीच करीत असतो, मग त्याचा स्वभाव कितीहि मृदु असो. माझें राहिलेलें घर आज एका परिचारिकेच्या कुटुंबास दिलेलें आहे. करार तीन वर्षांचा आहे. सहा महिने भाडें आलें नाहीं तरी माझें कांहीं अडणार नाहीं. तिसऱ्या घराचा विचार मनांत घोळवीत असलेल्या वाचकांनीं कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं हें शेवटचें वाक्य आपल्याविषयीं म्हणतां येतें कां, तेवढें पाहावें.